पोचल्याचा फोन येईपर्यंत

आमच्या घरची एक रीत आहे. कुणी प्रवासाला निघालं की ते माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घरात झाडू लावायचा नाही. लावला तर गेलेल्याची पावलं पुसली जातात, असं माझी बायको मानते. मला हे खूळ वाटायचं. पण आमच्या कारध्याहून नागपूर गाठायला लागून लागून दीड तास लागणार, तेवढा केर मी निमूट सहन करायचो. लेक पुण्याला शिकायला गेली, वरठी स्टेशनहून गाडी धरू लागली, तेव्हा केराचा मुक्काम एका रात्रीनं वाढला.

मग लग्न होऊन ती टोरांटोला गेली. नागपूर ते दिल्ली पावणेदोन तास, दिल्लीत ताटकळणं, आणि तिथून पुढे साडेअकरा हजार किलोमीटर, एका दमात चौदा-पंधरा तासांचं उड्डाण. मी बायकोला हा सगळा हिशोब ऐकवला आणि म्हटलं, आता तरी हे सोड.

"पोरगी हवेत लटकून राहिली न तुमाले झाडू सुचून राहिला?" ती म्हणाली.

दीड दिवस घर तसंच. लेकीला फोनवर हे कळलं तेव्हा ती खो खो हसली. "आई, विमानाले का मालूम, तू झाडू मारला का नाई ते!" मीही हसलो. बायको हसली नाही.

यंदा आम्ही दोघं लेकीकडे राहून आलो. घर कसं लख्ख! चिवड्याचा एक दाणा सांडलेला तिला खपत नाही. रोज सकाळी केर ओढायचं मशीन फिरवते. निघताना बायकोच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण लेक पुन्हा हसेल म्हणून तिनं ते गिळलं. विमानात मात्र तिचा डोळा लागेना.

"का झालं?"

"आपली पाठ वळली, का तिनं मशीन फिरवली असन."

"फिरवू दे न."

"मंग तिच्या घरात आपलं का राहिलं?"

तिचे डोळे भरून आले. मी तिचा हात धरून बसलो. खाली कुठला देश होता कोण जाणे.

कारध्याला संध्याकाळी पोचलो. कुलूप उघडलं आणि चपलाही न काढता लेकीला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती.

"पोचलो, बाई."

"दोघंही? घरात गेले न, बाबा? पक्कं?" तिनं खोदून खोदून विचारलं. मग तिकडे वळून जावयांना म्हणाली, "पोचले. लाव आता मशीन. बाबांचा चिवडा अजून सोफ्याखाली तसाच पडून आहे."

फोनमधून घरघर ऐकू येऊ लागली. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि मशीन बंद होईपर्यंत कानाला लावून ठेवला.