ध्यान आणि कुरडया

मी देव मानत नाही, पण ओरडण्यात माझा हात धरणारा सगळ्या अलिबागेत कुणी नव्हता.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट, मी तेव्हा शाळामास्तर. शाळेत घसा बसेपर्यंत ओरडायचो आणि उरलेलं घरी आणायचो! माझी चाहूल लागली की आठ वर्षांची लेक, शकू, पाटी घेऊन स्वयंपाकघरात पळायची. हे मला फार लागलं. (लागलं म्हणून तिच्यावरच ओरडलो, तो भाग वेगळा.)

शेवटी शाळेतल्या जाधव मास्तरांना गाठलं. ते चारेक वर्षांपूर्वी बौद्ध झाले होते आणि रोज ध्यानाला बसायचे.

"पण मी धर्मबिर्म काही मानत नाही हं, जाधव!"

"नाक आहे ना? मग झालं! येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा. दहापर्यंत मोजायचं, की परत एकपासून."

रविवारी सकाळी घरालगतच्या वाडीत सुपारीला पाणी द्यायचं होतं. बैल रहाटाला जुंपला, पाट सुरू झाला. एक आळं भरलं की पाणी दुसऱ्यात वळवायचं, एवढंच माझं काम. म्हटलं, आळं भरेपर्यंत ध्यान उरकू! बैलाच्या डोळ्यांवर झापडं, माझे मिटलेले. काम मात्र तो एकटाच करत होता.

काय ती शांती! आळं भरलं, फुटलं, पाणी अंगणात शिरलं. तिथे माझ्या बायकोने, सुमतीने, चार दिवस खपून घातलेल्या कुरडया वाळत होत्या! नारळ पाडायला आलेल्या धर्माने हे सगळं पाहिलं आणि तो मला हात जोडून उभा राहिला.

"अगं बाई, माझ्या कुरडया!"

सुमतीच्या किंकाळीने डोळे उघडले. समोर घोटाभर पाण्यात शकू, परकराच्या ओच्यात चार-पाच वाचवलेल्या कुरडया.

"धर्मा, उठवायचं नाही का?"

"मास्तर तपाला बसलं व्हतं, मी कसा उठवू?"

"आणि तू गं? हाक का नाही मारलीस?"

शकू पुटपुटली, "तुम्ही ओरडाल म्हणून."

ओरडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. घरात पाणी शिरलं तरी चालेल, पण बापाला हाक नको, असं या पोरीला वाटावं! मी तिला जवळ ओढलं. तिने घाबरून माझ्या कपाळाला हात लावला.

"आई, बाबा ओरडतच नाहीयेत! ताप आलाय का बघ!"

सुमतीने माझ्या वाट्याचंही ओरडून घेतलं.

त्यानंतर कित्येक वर्षं रोज बसलो. देव न मानणाऱ्याला ध्यानाचा उपयोग होतो का? होतो की! फक्त दहाचा आकडा मला कधी गाठता आला नाही. सातवर आलो की शकूची खणखणीत हाक यायचीच, "बाबा, झोपलात का हो?"

आणि बहुतेक वेळा तिचा संशय खरा असायचा.