हापशाचा दांडा

आमच्या गल्लीतल्या हापशाचा दांडा माझ्या धाकट्या चुलत्यांनी हातभर कापून घेतला. कारण काय, तर तो त्यांच्या नव्या गाडीला घासायचा. वेल्डिंगवाला आला, दहा मिनिटांत काम उरकून गेला. पाणी भरणाऱ्या एकाही बाईला कोणी विचारलं नाही. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, मधले दिवस सगळी गल्ली त्याच हापशावर असते.

पुढे आईचा उजवा खांदा धरला. लुगडं वाळत घालायला हात वर जाईना. हापसा जड झालाय, असं ती एकदा म्हणाली, तर चुलते म्हणाले, मिक्सर घरात आल्यापासून बायांच्या अंगात जोरच राहिला नाही. सगळे हसले. मीही हसले, हे लिहितानाही लाज वाटते. आणि काष्टीच्या कॉलेजातून येताना आईला कॅल्शियमच्या गोळ्या आणत राहिले.

काष्टीला मी अकरावीला फिजिक्स शिकवते. यंदा टॉर्क शिकवताना दाराचं उदाहरण नेहमीप्रमाणे दिलं: बिजागरीजवळ ढकलाल तर घाम फुटेल, कडेला ढकलाल तर बोटानं उघडेल. आसापासूनचं अंतर कमी केलं की तेच काम करायला जोर जास्त लागतो. मग आणखी एक उदाहरण म्हणून फळ्यावर हापसा काढायला घेतला. दांड्यापर्यंत आले आणि खडू थांबला.

तळपायाची आग मस्तकात गेली. चुलत्यांचा राग आला, पण त्याहून जास्त माझा आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दोन वर्षं आई दीडपट जोर लावून पाणी ओढत होती आणि मी तिच्या हाडांना दोष देत होते.

त्याच संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी पाइप आणला, दांड्यावर चढवला, बोल्ट मारून पक्का केला. आईनं डाव्या हातानं हापसून बघितलं. तेवढ्यात चुलते आले. पाइप काढ, गाडीला चरे पडतील, म्हणाले. मी भांडायच्याच तयारीत होते, पण आई आधी बोलली.

"भाऊजी, गाडी सरकती. हापसा सरकत न्हाई."

चुलत्यांनी खिशातून किल्ली काढली आणि गाडी मागे घेतली. अर्धं मिनिट लागलं. दोन वर्षांपूर्वीही तेवढंच लागलं असतं.