पेशंट फ्रीजमध्ये आहे

देवाने जगात रोग निर्माण केले ते केवळ आमच्या साडूंचा वेळ जावा म्हणून, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका उरलेली नाही. हे गृहस्थ डॉक्टर नाहीत. कोलशेतच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगांचे नमुने तपासण्यात त्यांची हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला रंग उरले नाहीत म्हणून त्यांनी माणसं घेतली. आम्ही कळव्याहून डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो, की चपला काढता काढताच "जीभ दाखवा" असा हुकूम सुटतो. जीभ कशीही असो, "यकृत मंद आहे तुमचं" हे निदान ठरलेलं. एकदा तर भर पंगतीत त्यांनी आमटीत तपासणीची कागदी पट्टी बुडवली, उजेडात धरून निरखली आणि म्हणाले, "आम्लता वाढलीये. गूळ घाल." त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, जिला मी ताई म्हणतो, शांतपणे म्हणाली, "अहो, चव घेऊन सांगा की!" पण चव घेणं हे पडलं अशास्त्रीय. ते त्यांना कसं चालावं?

अशा माणसाच्या हाती परमेश्वराने ॲक्सोलॉटल दिला. हा मेक्सिकोच्या तळ्यातला प्राणी. मासा म्हणावा तर चार पाय, पाल म्हणावी तर मानेभोवती पिसांसारखे कल्ले, आणि तोंडावर कायमचं हसू. साडूंच्या मुलीने तो हौसेने पाळला, त्याचं नाव पिस्ता ठेवलं आणि नोकरी लागल्यावर त्याला बापाच्या गळ्यात घालून जर्मनीला निघून गेली. पिस्ता हे नाव साडूंनी एकदाही उच्चारलं नाही. ते त्याला 'पेशंट' म्हणतात. त्याला काही झालेलं नव्हतं तेव्हाही पेशंटच. इतकी वर्षं "घाम येणं हे प्रकृतीचं लक्षण आहे" असं सांगून त्यांनी घरात एसी येऊ दिला नव्हता. पेशंटला उकाडा सोसत नाही म्हटल्यावर आठवड्याच्या आत एसी लागला. ज्या घरात अंडं आणायची बंदी, तिथे पेशंटसाठी डबाभर गांडुळं आली. ताईने देवघराकडे बघून हात जोडले आणि डबा गॅलरीत ठेवला.

ॲक्सोलॉटलचे वैद्य म्हणून साडूंची कीर्ती बघता बघता पसरली. शहाडहून एक तरुण जोडपं आपला ॲक्सोलॉटल बादलीत घालून घेऊन आलं, तेव्हा मी तिथेच होतो. तो पाण्यावर उलटा तरंगत होता. साडूंनी चष्मा लावला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "शौचाला कधी झालं होतं?" नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागली. पुढचा प्रश्न, "टाकीत खडे आहेत का? हे खादाड लोक खडे गिळतात आणि मग कोठा बंद होतो." खडे काढा, गार पाण्यात ठेवा, लंघन करा, असा उपचार ठरला. मला तर ते सर्दीलाही लंघनच सांगतात. पण त्या प्राण्याला खरोखरच उतार पडला हो!

आता या सगळ्यात गंमत एवढीच, की बाप आणि लेक एकमेकांशी कधी बोलतच नसत. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता, फक्त सवय नव्हती. फोन चुकून साडूंनी उचलला तर "हं, आईकडे देतो" एवढाच त्यांचा संवाद. ती निघाली तेव्हा विमानतळावरसुद्धा यांनी तिला काय सांगावं, तर "पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव." पण पेशंट घरात राहिला, आणि त्याचं काही विचारायचं तर ते बाबांनाच विचारावं लागे. पाण्याचं तापमान किती, खाल्लं का, रंग कसा आहे. म्हणून फोन यायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग जवळजवळ रोज. साडू वेळेआधीच फोनपाशी येऊन बसलेले असत आणि पेपर वाचत असल्याचं सोंग करत.

आणि मग ताईने त्या जिवावर दया केली. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ॲक्सोलॉटलचे कल्ले भाजतात, म्हणून साडू पाणी पिंपात भरून दिवसभर उघडं ठेवत आणि मगच टाकीत घालत. पण आपल्याकडे पाणी आलं की बायका काय करतात? कालचं ओततात आणि ताजं भरतात. शनिवारी पाणी आलं, साडू बँकेत गेलेले. ताईने शिळं पाणी काढलं, टाकी लख्ख घासली आणि थेट नळाचं ताजं पाणी भरलं. "मुक्या जिवाला शिळं पाणी कसं ठेवायचं, भावोजी?" असं मला नंतर डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. साडू परत आले तेव्हा पेशंटचे कल्ले पुढे वळलेले, शेपटीचं टोक मुरडलेलं, आणि दोन दिवसांत कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी.

यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला इस्पितळच म्हणायचं. रोग्याला कोऱ्या चहाने आंघोळ घालायची, कारण त्याने बुरशी हटते. आम्हाला चहा मिळायचा तो पेशंटची आंघोळ उरकल्यावर. उरलेल्या वेळी त्याने थंडीत पडून राहायचं, म्हणजे फ्रीजमध्ये. मी एकदा मोठ्या आशेने श्रीखंडाचा डबा उघडला, तर आतून पेशंट माझ्याकडे बघून हसला. माझं श्रीखंड तेव्हापासून सुटलं. साडू मात्र थट्टेच्या पलीकडे गेले होते. धड जेवत नव्हते. "हा गेला तर ती कशाला फोन करेल?" असं ते एकदाच म्हणाले, तेही फ्रीजमध्ये डोकं घालून. मला इतकं वाईट वाटलं, की मी त्या दिवशी आपणहून जीभ दाखवली.

पेशंट वाचला. परवा रविवारी गेलो तर बुरशी नाही, कल्ले कसे फुललेले, आणि स्वारी गांडुळांवर तुटून पडलेली. तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि साडू निर्लज्जपणे म्हणाले, "आज जरा सुस्तच वाटतोय." फोन बराच वेळ चालला. मधेच ऐकू आलं, "तू जेवलीस का? नाही, त्याच्या खाण्यावरून आठवलं म्हणून विचारलं."

मग फोन माझ्या हातात आला. "काका, तुम्ही तरी खरं सांगा," ती म्हणाली, "बरा झालाय ना पिस्ता? झाला असेल तर मी कशाला बाबांना रोज त्रास देऊ?"

साडू माझ्याकडे बघत नव्हते. टाकीच्या काचेवरचा नसलेला डाग पुसत होते. या माणसाचं एकही निदान मी आजवर मान्य केलेलं नाही. पण परवा पहिल्यांदाच केलं.

"बरा कसला गं! पार मरगळलाय बिचारा," मी म्हणालो. पेशंटने माझ्यासमोर आणखी एक गांडूळ गट्ट केलं.

"अगं बाई! मग उद्या परत करते फोन, बाबांना सांगा."

"उद्या करते म्हणाली," मी फोन ठेवून म्हणालो.

"करू दे," साडू म्हणाले. "लांबणार आहे जरा हे दुखणं."