सत्यशीलाच्या डांगरवाडीतली कासवीण

वैनगंगेच्या दरडीखाली, पूर जेमतेम पोचतो त्या रेतीत, मासेमार ढिवरांच्या सत्यशीलाची डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजांचा मळा. त्यात खाटेएवढी जागा कायमची कासविणीची. तिथं वेल लावायचा नाही, हा नवऱ्याचा, देवाजीचा, नियम. ती अंडी घालून गेली की तो चार काड्या रोवायचा अन् सांगायचा, "बाळंतिणीची खोली हाये हे. फिरकू नोका कोनी."

देवाजी वारला. पाणी घालायला एकटीचे हात पुरेनात, म्हणून सत्यशीलानं गडचिरोलीहून ओल धरून ठेवणारी, मल्चिंगची काळी प्लास्टिकची पन्नी आणली अन् सगळीकडे अंथरली. त्या जागेवरही. डांगरं अशी पोसली की गावानं तोंडात बोटं घातली! पण दोन उन्हाळ्यांत पन्नी कडकली, तिचे तिळाएवढे तुकडे रेतीत मुरले. कासवीण येईनाशी झाली.

एक वर्ष, दोन वर्षं, तीन. अंड्यांचे दिवस आले की सत्यशीलाचा जीव तुटायचा. नवरा गेला तो गेला, त्याची पाहुणी तरी यावी की नाही?

यंदा तिनं वाडी केलीच नाही. पिठाची चाळणी घेऊन रेती चाळायला बसली. सून दिव्यानीनं कपाळाला हात लावला. "आत्याबाई, नदी चाळून राह्यल्या का? लोकं हासून राह्यले नं!"

"हासू दे. घाण म्या केली, निस्तरनार कोन?"

पाण्याकडून सुरुवात केली, कासवीण तिकडूनच चढते म्हणून. महिनाभरात तेवढा पट्टा स्वच्छ झाला. देवाजीची जागा मात्र अजून लांब होती.

अन् एका सकाळी रेतीत पावलांची नक्षी! सत्यशीला लगबगीनं मागावर निघाली. माग चाळलेल्या पट्ट्यावरून सरळ पुढं गेला होता अन् देवाजीच्या जागेवर थांबला होता. बुजवलेला खड्डा, वर काळे कण.

दिव्यानी चाळणी घेऊन धावली. सत्यशीलानं तिचा हात धरला. घातलेली अंडी हलवली की वाया जातात, हे ढिवराघरी शिकवावं लागत नाही. अन् काळ्या पन्नीनं रेती अंडी भाजतील इतकी तापते, हे सत्यशीलाइतकं कोणाला ठाऊक?

ती तिथंच मटकन बसली, वरवरचे कण चिमटीनं वेचू लागली. डोळे वाहत होते, तोंडानं मात्र भांडत होती.

"तुयासाठी एवढं चाळून ठेवलं नं, बाई! मंग तुले बी त्यायचीच जागा काऊन पायजे?"