राहिलेली भुवई

पार्लरमधल्या दोघी मुली मणिपूरच्या. रस्त्यात लोक त्यांना 'चिंकी' म्हणून हिणवतात, तोच शब्द त्या एकमेकींना हसत म्हणतात. आज ते ऐकून खुर्चीतल्या बाई लाडात आल्या, "ए चिंकी, हळू ओढ गं!"

दोघींतल्या थोईचा दोरा थांबला. एक भुवई झाली होती, दुसरी राहिली होती.

"अगं, तुम्हीही म्हणताच की!"

"ती मला म्हणते, मी तिला म्हणते. तुम्हाला काय म्हणू, मॅडम?"

बाई आरशात राहिलेली भुवई बघू लागल्या. मला वाटलं, आपणच मारलेले दगड गोळा करून या पोरींनी चूल मांडली; म्हणून काय आपण न विचारता पंगतीला बसायचं?

पुढचा नंबर माझा होता. दोरा तसाच थांबवून थोई माझ्याकडे वळली. "तुम्हाला उशीर होईल, ताई."

"होऊ दे," मी म्हटलं.