अठ्ठावीस इंच

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळवड्यात, माझ्या वर्कशॉपसमोरच्या टपरीवर, चार जणांना धामणीची गोष्ट सांगत होतो. गोष्ट ऐन रंगात आली होती. खड्ड्यातलं तेलकट पाणी, मी कमरेपर्यंत आत, आणि समोर धामण फणा काढून... धामणीला फणा नसतो हे मला माहीत आहे, पण गोष्टीला लागतो. हाताचा फणा तसाच धरून दुसऱ्या हाताने फोन घेतला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. चहा घेतला आन् बसल्या जागी..." टपरीवरचा एक जण मात्र म्हणाला, "मग धामणीचं काय झालं, राव?"

दिगंबर चाकणजवळच्या शेतकरी घरातला. चिंचवडच्या एका जुन्या कंपनीत आम्ही उमेदीची वर्षं काढली. मी फिटर, तो लोडिंगचा फोरमन. अजस्र यंत्रं रेल्वेच्या सपाट, बिनकठड्याच्या वॅगनवर चढवायची, खाली लाकडी गुटके ठोकायचे, तारेच्या दोरांनी आवळायचं आणि गाडीला निरोप द्यायचा, हे त्याचं काम. पुढे सगळा माल ट्रेलरवरून जाऊ लागला, तेव्हा त्याने चिखलीच्या आपल्या दोन खोल्यांत त्याच वॅगन बनवायला घेतल्या, सत्त्याऐंशीपट लहान. त्यावर बॉयलर, ट्रान्सफॉर्मर, गिरणीचे रोलर. आत शिसं ओतून वजनही प्रमाणात. डिंकाला घरात बंदी. सगळं शिवायच्या दोऱ्याने बांधायचं. "चिकटवल्यालं सामान म्हंजी नुसता फोटू," तो म्हणायचा. "बांधल्यालं सामान कुटंतरी निगाल्यालं असतंय." मग प्लायवूडवरच्या रुळावरून, वळण घेत, हाताने ढकलून एक फेरी. माल हलला नाही तरच वॅगन शोकेसमध्ये जायची. मी गळ्यात वहिनींची हिरवी ओढणी अडकवून गार्ड व्हायचो, शिट्ट्या मारायचो, स्टेशनांची नावं पुकारायचो. तो हसायचा नाही. वळण पार झालं की मग हसायचा.

कंपनी बंद पडली. आतली लोखंड दाबून घडवणारी मोठी विलायती प्रेस, जिच्याभोवती आमचे सगळ्यांचे संसार उभे राहिले, ती भंगारात गेली. गॅसने कापून नेणार होते. दिगूच्या मनाला ते फार लागलं. "तिला सबंध धाडणार म्या," म्हणाला. "खरी न्हाई तर न्हाई, माज्या वॅगनवरनं." जुने नकाशे वाळवीने खाल्ले होते. जमिनीवरच्या भागाची मापं त्याने पूर्वीच घेतली होती. राहिला होता तळ, जमिनीखालच्या खड्ड्यात गाडलेला. दिगूची बायपास झालेली, खड्ड्यात उतरणं त्याला शक्य नव्हतं. भंगारवाला माझ्या ओळखीचा. दिगूने माझ्या हातात टेप दिला. "तळाची जाडी तेवडी घे. इकडं तिकडं नको करू, सद्या."

मी गेलो. पण त्याच दुपारी पुनावळ्यात साखरपुडा होता आणि माझ्या अंगावर कडक इस्त्रीची पांढरी पँट. खड्ड्यात काळं पाणी. काठावर उभा राहिलो, वाकून पाहिलं, अंदाज बांधला आणि संध्याकाळी दिगूला सांगितलं, अठ्ठावीस इंच. नुसतं सांगून मला कुठलं समाधान! वर धामण घातली. वहिनी तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. दिगूने वहीत आकडा लिहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "लई केलंस, भावा."

प्रेस तयार झाली, देखणी झाली, आणि वळणावर कोसळली. त्याने पुन्हा बांधली, पुन्हा कोसळली. गुटके बदलले, दोरा बदलला, शिसं वितळवून सगळी पुन्हा ओतली. कित्येक महिने हेच. आयुष्यात ज्याचा एक माल वाटेत सरकला नव्हता, तो माणूस हातावर हात ठेवून बसायला लागला. "हात गेला माजा," म्हणायचा. "आपरेशनपास्नं गेला." मी म्हणायचो, "हात कसला जातोय, तुझी प्रेसच दारू पिऊन येते."

तोवर कारखान्यात कापाकापी तळापर्यंत पोचली होती. एके दिवशी गेटवरून जाताना ट्रेलरवर चढवण्यासाठी जमिनीवर ठेवलेला तो तळ पाहिला. जवळ जाऊन उभा राहिलो, तर माझ्या छातीपर्यंत आला. अठ्ठावीस इंच! एवढा जाड तळ खाली असता तर ती प्रेस दिगूच्या वळणावर जन्मात कोसळली नसती. मी बघत राहिलो आणि तळ घेऊन ट्रेलर निघून गेला.

तडक चिखलीला गेलो, सांगायलाच. दिगू वही उघडून बसला होता.

"सगळी मापं परत तपासली," म्हणाला. "येक तुजं सोडून."

"माझं का सोडलंस?"

"आरं, तू सापासंगं पान्यात उतरून घेतल्यालं. त्येच्यावर शंका घिऊ व्हय?"

मी तोंड उघडलं... आणि हाताचा फणा केला. वहिनी हसल्या. दिगूही हसला, बऱ्याच दिवसांनी. त्या आठवड्यात त्याने प्रेस वितळवली आणि हत्यारं वाटून टाकली. मलाही एक छोटी कानस दिली.

परवा, तेराव्यानंतर प्रथमच, वहिनींकडे गेलो. शोकेसमध्ये लादलेल्या वॅगन ओळीने उभ्या, मधली एक रिकामी. शेजारच्या बाईंनी विचारलं, ही अशी का? वहिनी म्हणाल्या, "शेवटी शेवटी हात चालत न्हवता त्यांचा." मी तिथेच, समोर बसलेलो. चहा प्यालो. साखर कमी पडली म्हणालो.

वहिनी, त्याचा हात चालत होता. शेवटच्या दिवसापर्यंत. मी खड्ड्यात उतरलोच नव्हतो, धामणही नव्हती. तुम्ही दर रविवारी ही पुरवणी वाचता, म्हणून इथे लिहितो आहे. समोर बसलो की माझ्या तोंडून गोष्टच निघते. त्या दिवशीच बोललो असतो तर भंगारवाल्याकडे तळ मोजता आला असता आणि त्याने एका रात्रीत नवा ओतला असता. आता ती वॅगन भरायची म्हटलं तरी भरता येणार नाही. तळाचे तुकडे कधीच भट्टीत गेले आणि खरं माप कोणाकडेच नाही. माझ्या छातीपर्यंत होता, एवढंच मला सांगता येतं. आणि असलं माप दिगूने वहीत लिहूनसुद्धा घेतलं नसतं.