गोविंदअण्णाची फणसाची गिटार

तंजावूरजवळच्या पापनाशमहून फोन आला तेव्हा मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. पलीकडे अण्णाच्या वाद्यवृंदातला तबलजी होता. तमिळमध्ये तो एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, "करंट लागला, अम्मा... करंट लागला." लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, गिटार गळ्यात असताना, माझा मामेभाऊ गोविंदराव, आमचा अण्णा, गेला. त्याला आता सहा आठवडे होतील. अपघात म्हणून सगळे मोकळे झाले. मला तसं होता येत नाही. का, ते सांगायलाच हे लिहिते आहे.

तंजावूरच्या मराठी घरातला अण्णा ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत कारकून होता. सकाळची बस, दुपारचा डबा, संध्याकाळी गिटार. लग्नांत तो सिनेमाची गाणी वाजवी. पण जीव होता आपल्या गावच्या संगीतात. साध्या गिटारवर गमक निघत नाही, तार हवी तशी ओढता येत नाही, ही त्याची तक्रार. शेवटी तो वीणा करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराकडे, आसारींकडे, गेला आणि त्यांच्याकडून इलेक्ट्रिक गिटार घडवून घेऊ लागला. जुन्या फणसाचं लाकूड, दोन पडद्यांमधली जागा खोलगट कोरलेली, आणि टोकाला वीणेला असतं तसं याळीचं, देवळातल्या त्या सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचं, तोंड. आठ महिने रोज संध्याकाळी कचेरीतून सुटला की तो आधी आसारींच्या अंगणात, मग घरी.

गिटार तयार झाल्यावर त्यानं ती एका संगीतसभेच्या चिटणीसांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "राव, ही वीणा नव्हे, आणि गिटारही नव्हे. आहे तरी काय?" अण्णा त्या दिवशी जेवला नाही. त्यानंतर त्याला एकच ध्यास लागला, आतलं सामान तरी अस्सल हवं. तेव्हा बाजार नुकता खुला झाला होता, दुकानांतून परदेशी माल दिसू लागला होता. मद्रासच्या एका विक्रेत्याकडून त्यानं तारांचा कंप टिपणारा पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर असे दोन्ही आणले. दोन्हीवर ठसठशीत परदेशी शिक्का.

मे महिन्यात मी माहेरी गेले, तेव्हा त्यानं ती गिटार माझ्या मांडीवरच ठेवली. "सरसू, तूं कॉलेजांत हेंच शिकवतेस न? उघडून सांग, खरें आहे कीं नाही." मी पिकअपचे स्क्रू काढले. शिक्क्याच्या पत्र्याखाली हातानं गुंडाळलेली तार होती, आणि ती हलू नये म्हणून खाली तमिळ वर्तमानपत्राचा घडी केलेला तुकडा कोंबला होता... अण्णा समोर उकिडवा बसला होता, निकालाची वाट पाहणाऱ्या मुलासारखा. वहिनी कॉफी घेऊन दारात उभी होती. मी पत्रा परत बसवला आणि म्हटलं, "खरें आहे, अण्णा." एवढंच. अ‍ॅम्प्लिफायरची पेटीही त्याच माणसाकडून आली होती. ती मी उघडलीही नाही. उघडली असती तर दुसरं खोटं बोलावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी अण्णानं काय वाजवलं! खोलीतली भांडीसुद्धा थरथरत होती. मी मात्र त्या पेटीचा लाल दिवा पाहत बसले होते.

तेराव्यानंतर मी आसारींना भेटायला गेले. तमिळमध्ये, रंधा बाजूला ठेवून, ते सावकाश म्हणाले, "पावसाळ्यापासून तो सांगत होता, तारा चावतात म्हणून. मी म्हटलं, राव, ती पेटी कुणाला तरी दाखवा. हसला. म्हणाला, माझी बहीण प्रोफेसर आहे, तिनं बघून दिलंय. माल अस्सल आहे." नंतर वायरमननं ती पेटी उघडली. अर्थिंग नव्हतं, आणि आतली एक उघडी तार सांगाड्याला टेकली होती; तिथून करंट वायरीवाटे गिटारच्या तारांत येत होता. पाणी शिंपडलेल्या मांडवात अण्णा अनवाणी उभा होता. गाणं संपलं, एक हात तारांवर असतानाच निवेदनासाठी त्यानं दुसरा लोखंडी माइककडे नेला...

मी वहिनीला सगळं सांगितलं. ती रडेल, ओरडेल, मला घराबाहेर काढेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "तो कागद त्या दिवशी दारांतून मींही पाहिला होता, सरसू. तमिळ अक्षर मला वाचतां येतें न. त्यांचा चेहरा पाहिला, आणि मींही बोललें नाही."

एकमेकींना माफ करायचीही सोय उरली नव्हती.

गिटार अजून आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. तिला कुठलीच वायर जोडलेली नाही, पेटीही घरात नाही. ज्या घरात उंबऱ्याच्या आत कधी चप्पल आली नाही, त्या घरात वहिनी रोज सकाळी रबरी चपला घालते, कोरडं फडकं घेते, आणि तारांना बोट लागणार नाही अशा बेतानं तिच्यावरची धूळ पुसते.